अठरा सेकंद

"पंधरा... सोळा... सतरा... अठरा!"

घोरपडेसाहेबांचं बोट टेबलावर शेवटचं आपटलं आणि नेमक्या त्याच क्षणी पडद्यावरच्या माणसाचा तळवा लाल बटणावर पडला. मी चित्र तिथंच थांबवलं. हॉलमधली वीस माणसं पडद्याकडे बघत होती. पंखा तेवढा फिरत होता.

"अठरा सेकंद, मॅडम," घोरपडेसाहेब म्हणाले. "आमच्या गिरणीचा नियम पंधराचा आहे. जॉबर कुठंही उभा असो, पंधरा सेकंदांत मशीन बंद झालंच पाहिजे. आणि हे नदाफ बघा कसे निघालेत. आधी हात वर करून आळस देतात, मग देवदर्शनाला निघाल्यासारखे चालतात. तिकडं ती बाई ओरडतेय!"

मॅडम म्हणजे ॲडव्होकेट शिरगुप्पे. चौकशी अधिकारी म्हणून त्या कोल्हापूरहून आल्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"या चित्रावर तारीख-वेळ का दिसत नाही?"

"कॅमेऱ्याचं घड्याळ वीज गेली की मागे जातं, मॅडम. भलतीच तारीख दिसायची. म्हणून मीच ते बंद केलं."

"पण रेकॉर्डिंग तुमच्याच प्रोग्रामनं झालंय? त्यात कुणी काटछाट केलेली नाही?"

"नाही. फक्त अपघाताचा भाग वेगळा काढलाय. एकही चित्र गाळलेलं नाही."

"अठरा सेकंद, हे तुम्ही सही करून दिलंय."

"हो."

मी असं बेधडक 'हो' म्हटलं, कारण मला अभिमान होता. चोवीस वर्षांची होते मी. मिरजेच्या पूर्वेकडच्या त्या सहकारी सूतगिरणीत कॉम्प्युटर विभाग म्हणजे मी एकटीच, आणि तीही अजून कायम न झालेली. ब्लो रूममध्ये, म्हणजे जिथं कापसाच्या गाठी सोडून कापूस पहिल्यांदा मोकळा करतात त्या खोलीत, एक नेटवर्क कॅमेरा होता. त्याचं चित्र ऑफिसात दिसायचं, पण साठवायची सोय नव्हती. रेकॉर्डिंगचा डबा कधीच जळून गेला होता. मग मी पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत चाळीसेक ओळींचा प्रोग्राम लिहिला. कॅमेऱ्याकडून येणारी चित्रं तो एकापाठोपाठ एक फाईलमध्ये टाकायचा आणि तास पालटला की नवी फाईल उघडायचा. घोरपडेसाहेब आमचे वर्क्स मॅनेजर. येणाऱ्याजाणाऱ्याला ते कौतुकानं सांगत, "आमच्या पद्मजाचं काम बघा."

आणि दोन महिन्यांतच तो अपघात झाला. कांचन लोहार ही सव्वीस वर्षांची कामगार चालत्या पट्ट्यावर कापूस टाकत होती. तिच्या डोक्याला बांधलेल्या फडक्याचं टोक पुढच्या दातेरी रुळात अडकलं. सोडवायला गेली आणि उजवा हात आत ओढला गेला. तीन बोटं गेली. मशीन बंद केलं दस्तगीर नदाफ या जॉबरनं, म्हणजे पाळीवरच्या मुकादमानं. वय सत्तावन्न. सगळी गिरणी त्यांना नदाफमामा म्हणायची. फडकं अडकल्यापासून बटण दाबेपर्यंत त्यांनी अठरा सेकंद लावले, म्हणून बोटं गेली, असं कंपनीचं म्हणणं होतं. आरोप सिद्ध झाला तर नोकरी जाणार होतीच, शिवाय पोलिसांत निष्काळजीपणाची तक्रारही होणार होती. आणि खुद्द कांचननं दवाखान्यात जबाब दिला होता, "मी ओरडत हुते, पण मामा लवकर आलेच न्हाईत."

चौकशीच्या दिवशी ती हॉलच्या एका कडेला सासूशेजारी बसली होती. हाताला पांढरं बँडेज. चित्र लावलं तेव्हा तिनं पदर तोंडावर घेतला होता. तिनं फक्त साहेबांचं मोजणं ऐकलं.

"नदाफ, तुम्हाला काही सांगायचंय?" शिरगुप्पे मॅडमनी विचारलं.

नदाफमामा उभे राहिले. टोपी काढून हातात धरली. थांबलेल्या चित्राकडे बोट केलं.

"मॅडम, ह्यो मीच हाय. शर्ट माझा, टोपी माझी. पण मी असा चाललो न्हाई."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मीही ओठ दाबले. हे मी आज लिहिते आहे, पण तेव्हा मला खरोखरच हसू आलं होतं.

"म्हणजे चित्र खोटं?" घोरपडेसाहेब म्हणाले.

"मी खोटं न्हाई म्हणत, साहेब. मी म्हणतो, मी असा चाललो न्हाई. आन् आळस बी न्हाई दिला. वरची दोरी ओढली. दोन बार."

पट्ट्याच्या वरून एक लाल दोरी जायची. ती ओढली की मशीन जागच्या जागी बंद व्हायला हवं. दोरी निकामी होती, असं नदाफमामांचं म्हणणं. दोरी ठीकठाक होती आणि त्यांनी ती ओढलीच नाही, असं कंपनीचं म्हणणं. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी तिथं नवी कोरी दोरी लागलेली होती, त्यामुळे जुनीचं काय झालं ते कुणाला दाखवता येत नव्हतं. कॅमेऱ्यात दोरी दिसत नव्हती. वर गेलेला एक हात तेवढा दिसत होता.

"अडीच वाजता पुन्हा बसू," मॅडम म्हणाल्या. "तेव्हा मी निष्कर्ष नोंदवीन."

मी जेवणाचा डबा घेऊन माझ्या खोलीत आले. खिडकीतून गिरणीचं आवार दिसायचं. कांचन आणि तिची सासू सायकल स्टँडच्या सावलीत बसल्या होत्या. नदाफमामा पाण्याच्या टाकीशी उभे होते. मधेच ते त्या दोघींच्या दिशेनं निघाले. आखूड, भरभर पावलं, पुढं झुकलेली मान. दहाबारा पावलांवर जाऊन थबकले आणि तसेच भरभर परत फिरले.

माझा घास हातातच राहिला.

हा माणूस साधं चालतानाही पडद्यावरच्या माणसापेक्षा जलद चालत होता. आणि पडद्यावर तर तो एका किंचाळणाऱ्या बाईकडं निघाला होता.

मी डबा बाजूला सारला आणि मूळ फाईल उघडली. अपघाताच्या दिवशीची, सकाळी दहा ते अकराची. चौकशीसाठी मी त्यातला चाळीस सेकंदांचा तुकडा काढला होता आणि आठवडाभर सगळे तोच बघत होते. आता मी सरकवत सरकवत त्या जागी आले. कांचन, फडकं, रूळ. मग पहिल्यांदाच खालच्या कोपऱ्यातला, फाईल किती पुढं आली ते दाखवणारा आकडा वाचला. एक तास तीन मिनिटं.

अपघात दहा बेचाळीसला झाला होता. हजेरीच्या वहीत, दवाखान्याच्या कागदात, सगळीकडे दहा बेचाळीस. मग दहाला सुरू झालेल्या फाईलमध्ये तो बेचाळिसाव्या मिनिटाला असायला हवा होता. आणि एका तासाच्या फाईलमध्ये एक तास तीन मिनिटं येतंच कुठून?

मी फाईलची एकूण लांबी पाहिली. दीड तास.

आदली उघडली. दीड तास. तिच्या आदली. दीड तास.

मग मला आठवलं. सुरुवातीला चित्र अडखळायचं, म्हणून मी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन सेकंदाला दहाऐवजी पंधरा चित्रं यावीत असं केलं होतं. एका दुपारचं पाच मिनिटांचं काम. पण प्रोग्राममध्ये फाईल लिहिण्याच्या ओळीत दहाचा आकडा तसाच राहिला. एका सेकंदात पंधरा चित्रं येत होती आणि माझी फाईल ती दहा-दहाच्या हिशेबानं दाखवत होती. जे एका सेकंदात घडलं ते पडद्यावर दीड सेकंद चालत होतं.

अठराला दीडनं भागायला कॉम्प्युटर लागत नाही.

घोरपडेसाहेबांच्या केबिनमध्ये गेले तेव्हा ते जेवून हात पुसत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग दार लोटून घेतलं.

"हे आणखी कुणाला सांगितलंस?"

"नाही, सर."

"मग राहू दे."

"सर, बारा सेकंद आहेत. नियमाच्या आत आहेत ते. त्यांची चूकच नाही."

"पद्मजा, बस." मी बसले नाही. "तू आठ दिवसांपूर्वी सही करून दिलंस, अठरा. आज सकाळी वीस माणसांसमोर हो म्हणालीस. आता बारा म्हणशील, उद्या नऊ म्हणशील. तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार? तुझी कायमची ऑर्डर माझ्या टेबलावर आहे. त्यावर तुझ्या कामाबद्दल मी काय लिहू?"

"पण माझ्या चुकीमुळं..."

"चूक कुणाला दिसलीय? फाईल आहे ती आहे. अडीचला यायचं, विचारतील तेवढ्याचं उत्तर द्यायचं. बस्स." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "मामांना आम्ही वाऱ्यावर सोडणार नाही. त्यांचं काय ते बघू आपण. तू पोरगी आहेस, यात पडू नकोस."

मी जिना उतरले. मी धीट वगैरे नव्हते. खरं सांगायचं तर त्या क्षणी नदाफमामांपेक्षा मला माझीच जास्त काळजी वाटत होती. वीस माणसांसमोर उभं राहून 'माझं चुकलं' म्हणायचं, तेही ज्या गोष्टीचं कौतुक झालं त्याच गोष्टीबद्दल. मी तोंडावर पाणी मारलं. घड्याळात दोन वीस झाले होते.

अडीचला सगळे बसले. शिरगुप्पे मॅडमनी वही उघडली. "तर, चित्रफितीतल्या अठरा सेकंदांबाबत दोन्ही बाजूंना आणखी काही..."

"मॅडम," मी उभी राहिले. "ते अठरा नाहीत. बारा आहेत. चूक माझी आहे."

घोरपडेसाहेब लगेच म्हणाले, "मॅडम, बाईंना दया आली. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी भेटलेलं दिसतंय."

"मला कुणी भेटलं नाही."

"सकाळी तुम्ही सही मान्य केलीत," मॅडम कडक आवाजात म्हणाल्या. "आता आकडा बदलताय. खोटा जबाब म्हणजे काय, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका, मॅडम. तुमच्या स्वतःच्या घड्याळावर ठेवा. कॅमेरा चालू आहे, प्रोग्राम चालू आहे. तुम्ही ब्लो रूममध्ये जा, कॅमेऱ्यासमोर हात वर करा, आणि तुमच्या घड्याळानं बरोबर तीस सेकंद झाले की खाली घ्या. मग इथं येऊन बघा."

हॉलमध्ये कुजबुज झाली. मॅडमनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग उठल्या. "मी येईपर्यंत कुणी कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा."

त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या केसांत आणि भुवयांवर कापसाचं तूस चिकटलं होतं. तोवर तीन वाजून गेले होते, तासाची फाईल बंद झाली होती. मी ती लावली. पडद्यावर मशिनासमोर उभ्या असलेल्या मॅडमचा हात वर गेला. या वेळी त्यांनी स्वतःच पडद्यावरचे आकडे मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. तीस झाले, पडद्यावरचा हात वरच होता. पस्तीस. चाळीस. घोरपडेसाहेबांनी खुर्ची मागं सरकवली. पंचेचाळीसला हात खाली आला.

"बाईंनी आत्ताच सेटिंग बदललं असेल!" साहेब म्हणाले.

"अपघाताच्या दिवसाची मूळ फाईल बघा, सर. दहा ते अकरा, आणि लांबी दीड तास. आमच्या गिरणीत तास दीड तासाचा असतो का?"

कुणी हसलं नाही. मॅडम पडद्याजवळ आल्या, चष्मा वर करून त्यांनी तो आकडा वाचला आणि वहीत उतरवला.

"मग खऱ्या वेगानं दाखवा."

मी वेग दीडपट केला आणि चित्र सुरू केलं.

तोच माणूस, तोच शर्ट, तीच टोपी. पण तो आळस देत नव्हता. त्याचा हात झटकन वर गेला, मूठ वळली, अंगातली सगळी ताकद लावून त्यानं काहीतरी खाली खेचलं. काही झालं नाही. पुन्हा खेचलं. आणि मग तो पळाला. सत्तावन्न वर्षांचा तो माणूस गाठींच्या ढिगाला खांद्यानं धडकत, एका हातानं तोल सावरत पळाला. मी ते चित्र आठवड्यात शंभरदा पाहिलं असेल, आणि तो पळतोय हे मला दिसलं नव्हतं.

हात बटणावर पडला. बारा.

"परत लावा," मागून आवाज आला.

कांचन उभी होती. तोंडावरचा पदर खाली आला होता. सासू तिला खाली ओढत होती. मी परत लावलं. ती एकटक पाहत राहिली.

"पळत्यात की," ती म्हणाली. मग नदाफमामांकडे वळली. "मामा, मला वाटलं तुम्ही येतच न्हाई. लई वेळ वाटला मला. लई."

नदाफमामांनी मान हलवली. टोपी त्यांच्या हातात चुरगळून गेली होती. "व्हय गं पोरी," एवढंच म्हणाले.

पंधरा दिवसांनी निकाल आला. नदाफ निर्दोष, निकामी दोरीची जबाबदारी देखभाल विभागाची आणि व्यवस्थापनाची. माझ्याबद्दलही एक ओळ होती: रेकॉर्डिंगच्या कामात गंभीर हलगर्जीपणा. ती ओळ खरीच होती. मला कायम केलं नाही. महिनाअखेर निघायला सांगितलं.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी नदाफमामा माझ्या खोलीत आले. मला वाटलं, निरोप घ्यायला आलेत. ते दारातच उभे राहिले.

"ताई, ते एकदा बघायचं हुतं. खऱ्या वेगाचं."

मी लावलं. ते खुर्चीवर बसले नाहीत. ओठ हलत होते. मनातल्या मनात मोजत होते. संपल्यावर म्हणाले, "दोरीपाशी चार गेली."

"हो."

"फिटर येऊन गेला, दोरी चालू झाली, असं सांगितलं हुतं मला. म्हणून ओढली. पयल्या झटक्याला कळलं हुतं, मेलेली हाय. तरी पुना ओढली." ते थांबले. "दोरीचा नाद सोडून सरळ पळालो असतो, तर आठात झालं असतं."

"मामा, दोरी ओढायलाच लावलेली असते. तुम्ही बरोबर केलंत. निकालात तसं लिहिलंय."

"ते हाय." त्यांनी पडद्याकडे पाठ केली. "ताई, मला तिकडं बघवत न्हाई. मी माझ्याकडंच बघतो. तुम्ही बघितलंय. तिचा हात आत गेला, तो कितव्याला?"

हे चौकशीत कुणी विचारलं नव्हतं. सगळे त्यांच्याकडे बघत होते, बटणाकडे बघत होते. मला मात्र ठाऊक होतं. निकालाच्या आधी, खात्री करून घ्यायची म्हणून, एका दुपारी मी एकेक चित्र पुढं सरकवत मोजलं होतं. फडकं अडकल्यावर कांचन बराच वेळ नुसती मागं रेटत होती, डाव्या हातानं मशीन ढकलत होती. उजवा हात तिनं पुढं केला तो नंतर.

"तिसऱ्याला," मी म्हटलं.

"तिसऱ्याला?"

"हो, मामा. तुमचा हात दोरीवर होता, तेव्हाच गेला होता. तुम्ही कसेही पळाला असता तरी काही होणार नव्हतं."

मग त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि खुर्चीच्या पाठीला धरून हळूहळू खाली बसले. मी त्यांना माझ्या बाटलीतलं पाणी दिलं. ते घटाघटा प्यायले. जाताना म्हणाले, "बरं झालं इचारलं. झोप लागत नव्हती."

ते गेल्यावर मी ती फाईल पुसून टाकली. निकाल लागून गेला होता, चौकशीची प्रत मॅडमकडं होती. पण ती चाळीस सेकंदांची, आणि त्यात कुणी एकेक चित्र मोजत बसेल असं मला वाटत नव्हतं.

नऊ वर्षं झाली याला. नदाफमामा गेल्या उन्हाळ्यात वारले. कांचननं मला फोन करून कळवलं. ती आता त्याच गिरणीच्या गेटवर हजेरी घेते, डाव्या हातानं लिहिते. मामांची मुलं म्हणाली की शेवटपर्यंत शांत झोपायचे, असं तिनं सांगितलं.

बारा सेकंदांसाठी मी नोकरी घालवली, असं माझे आईवडील अजून सांगतात. दुसरा आकडा मी त्यांनाही सांगितलेला नाही. कांचनचा हात आत गेला तो नवव्या सेकंदाला.